पोलराइज्ड गॉगल कसा निवडावा: काचा बसवणाऱ्या माणसाचा सल्ला

गेली बावीस वर्षं मी फ्रेममध्ये काचा बसवतो. काच मशीनवर कापायची, कडा घासायच्या, फ्रेम गरम करून काच तिच्यात दाबायची आणि शेवटी चष्मा टेबलावर उलटा ठेवून दोन्ही दांड्या सारख्या टेकतात का ते बघायचं, हे रोजचं काम. सुट्टीला कयाक, म्हणजे लांब अरुंद छोटी होडी, वल्हवतो, अधूनमधून सायकल. त्यामुळे गॉगल मी बनवतोही आणि घामाने भिजवतोही. लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी उलट विचारतो, "खेळताना तुम्ही बघता कुठे?"

विचारणारा जरा चक्रावतो. पण गॉगल पोलराइज्ड हवा की नको, हे यावरच ठरतं. माझी भाची डोंगरात पळते. ती म्हणाली, "मामा, पोलराइज्डच घेते, सगळे तेच सांगतात." मी विचारलं, "पळताना नजर कुठे असते तुझी?" म्हणाली, "पायापासून चार-पाच पावलं पुढे. दगड कोरडा आहे की ओला, तेवढंच बघते." मग मी तिला सावकाश बसवून सांगितलं, ते इथे लिहितो.

गडद काच सगळाच उजेड सरसकट कमी करते. पोलराइज्ड काच त्यावर आणखी एक निवडक काम करते. पाणी, ओला रस्ता, बर्फाचा कडक थर, गाडीचं बॉनेट अशा सपाट आडव्या पृष्ठभागावरून उसळून डोळ्यांत घुसणारी चकाकी ती गाळते. उन्हातला प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो, पण पाण्यावरून उसळताना त्यातला आडवा थरथरणारा भाग जास्त उरतो. काचेत एक पातळ फिल्म असते, ती हा आडवा भाग गिळते. समजावताना उभ्या गजांच्या खिडकीचं उदाहरण देतात. खरं तर फिल्म आडवी ताणलेली असते आणि तिच्यातल्या लांबच लांब आडव्या रेणूंच्या साखळ्याच आडवा प्रकाश शोषून घेतात. कारागिराला एवढं माहीत असावं लागतं, कारण फिल्म कुठल्या दिशेने ताणली आहे हे विसरून काच कापली की काय होतं ते मी भोगलं आहे. ते पुढे सांगतो.

कोनाचा हिशेब

हा भाग दुकानात कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. चकाकी सगळ्या कोनांतून सारखी गाळली जात नाही. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१५ साली याचा नियम मांडला. चकाकी सगळ्यात जास्त गाळली जाते तो कोन पाण्यासाठी उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांचा येतो. त्या कोनातून उसळणारी चकाकी जवळजवळ पूर्ण आडवी असते, म्हणून गॉगल ती जवळजवळ पूर्ण पुसतो.

अंशांत डोकं घालायची गरज नाही. डोळ्यांची पाण्यापासूनची उंची घ्या आणि १.३३ ने गुणा. काठावर उभे असाल आणि डोळे १.६ मीटरवर असतील, तर तुमच्यापासून सुमारे २.१ मीटरवरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेल. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम ८० सेंटीमीटरवर असतात, म्हणजे ती जागा मीटरभर पुढे, अगदी वल्ह्याच्या पात्याच्या टोकाजवळ येते. तिथून पुढे जावं तसा परिणाम ओसरत जातो. उभ्या माणसाला नऊ-दहा मीटरवरच्या शांत पाण्यातून येणाऱ्या चकाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा फिल्म तशीच सोडून देते.

म्हणून "पोलराइज्ड घेतला तरी लांबचं पाणी चमकतंच" अशी तक्रार घेऊन कोणी आला, की गॉगल खराब आहे असं मी लगेच म्हणत नाही. आधी विचारतो, किती लांबचं?

पहिल्यांदा पोलराइज्ड गॉगल घालून मी कयाकमध्ये बसलो तो दिवस आठवतो. सकाळचे दहा वाजले असतील, ऊन समोरून. गॉगल कपाळावर असताना पाणी म्हणजे वितळलेला पत्रा. डोळ्यांवर ओढला आणि उजव्या हाताला, पाण्याखाली वीतभर खोल, शेवाळलेला एक खडक दिसला. त्याच्या कडेला माशांची पिल्लं एका रांगेत उभी. मान उजव्या खांद्याकडे कलती केली तसा खडक पुसट झाला आणि पत्रा परत आला. मान सरळ केली, खडक हजर. पाच मिनिटं वल्हं मांडीवर ठेवून मी तोच खेळ करत बसलो. ४५ अंश मान कलली की निम्मी चकाकी फिल्ममधून पार होते, हे गणित मला माहीत होतं. पण ते पाण्यात दिसलं तेव्हा पटलं.

आता दुसरी बाजू. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तोच गॉगल घालून सायकलवर निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. झाडांच्या सावलीतून उतार लागला आणि वळणावर रस्त्यात तेलाचा डाग होता. साध्या डोळ्यांनी तो लांबूनच चमकला असता. मला दिसला तो एकसारखा, निवांत, काळा रस्ता. पुढचं चाक घसरलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत सोललो. नंतर हिशेब केला. सायकलवर डोळे दीड मीटरवर, म्हणजे चकाकी सगळ्यात जास्त पुसली जाते ती बरोबर दोन मीटर पुढे, ब्रेक दाबायला वेळच उरत नाही त्या जागी. गॉगलने त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी, कारण त्या रस्त्यावर चकाकीच मला धोका सांगत होती आणि तीच मी पुसून टाकली होती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच विचारतो. तुमच्या खेळात चकाकी तुम्हाला आंधळं करते, की काही सांगते?

कुठल्या खेळाला काय

पाण्यावरच्या खेळांना पोलराइज्ड घ्या, फार विचार करू नका. वल्हवणं, मासेमारी, शिडाची होडी, उभ्याने वल्हवायची फळी, सगळ्यांना. पाण्याखालचा खडक, बुंधा, वाळूचा उंचवटा दिसतो. शिवाय तासन्तास डोळे बारीक करून बसावं लागत नाही, त्यामुळे संध्याकाळी डोकं दुखत नाही.

रस्त्यावरच्या सायकलिंगला कोरड्या ऋतूत चालतो. पावसाळी किंवा गारठलेल्या रस्त्यावर, जिथे ओल आणि बर्फाचा पातळ थर ओळखायचा असतो, तिथे मी साधी गडद काचच लावतो. सायकलवरच्या कॉम्प्युटरचाही प्रश्न असतो. एलसीडी पडद्यात स्वतःचीच पोलराइज्ड फिल्म असते, त्यामुळे काही पडदे काही कोनांत अर्धवट काळे दिसतात. गॉगल घेण्याआधी आपला कॉम्प्युटर, घड्याळ, फोन त्यातून बघा, उभे धरून आणि आडवे धरूनही. पाण्यात खोली दाखवणारं यंत्र वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि तापवून कडक केलेल्या काचेतून, म्हणजे गाडीच्या मागच्या किंवा बाजूच्या काचेतून, ठिपक्यांची नक्षी दिसली तर घाबरू नका. ती गाडीच्या काचेतल्या ताणाची आहे. हेल्मेटच्या प्लास्टिकच्या पुढच्या काचेतून इंद्रधनुषी पट्टे दिसतात ते त्याच कारणाने, आणि ते खरोखर त्रास देतात. असं हेल्मेट असेल तर आतून पोलराइज्ड घालू नका.

भाचीला मी काय सांगितलं? डोंगरात पळायला पोलराइज्ड नसला तरी चालेल, किंबहुना नसलेलाच बरा. ओल्या दगडाची चमक तिला हवी असते. तिला लागतो तो हलका, न घसरणारा आणि सावलीतून उन्हात गेल्यावर फार गडद न वाटणारा गॉगल. ती जरा हिरमुसली, कारण पोलराइज्ड म्हणजे भारी असं डोक्यात बसलेलं. पण तिचा स्वभाव हिशेबी आहे, तिला पटलं.

चेंडूच्या खेळांना फिल्मचा फारसा उपयोग नाही. आकाशात उंच उडालेला चेंडू बघताना पाण्यासारखा आडवा आरसा समोर नसतोच. उलट सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाचा पट्टा पोलराइज्ड काचेतून जास्त गडद दिसतो, त्यामुळे मान फिरवली की मागचा रंग बदलतो. चेंडू अंगावर येणार असेल तर काच न फुटणारी हवी, हे चकाकीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं. गोल्फवाल्यांत दोन तट आहेत. गवताचा उतार वाचताना त्याची बारीक चमक हवी असं म्हणणारे पोलराइज्ड टाळतात.

हवेत उडणाऱ्यांनी तर टाळावाच. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए वैमानिकांना पोलराइज्ड गॉगल वापरू नका असंच सांगते: यंत्रांचे पडदे नीट दिसत नाहीत, विमानाच्या समोरच्या काचेत पट्टे उमटू शकतात, आणि दुसऱ्या विमानाच्या पंखावरून येणारी चमक, जी बघून बाजूला व्हायचं, तीच दबते.

बर्फ हे वेगळंच प्रकरण आहे. भुसभुशीत ताज्या बर्फावरून प्रकाश चहूकडे विखुरतो, तिथे फिल्म पाण्याइतकी कामाला येत नाही. कडक, गोठलेल्या थरावर येते. पण स्की करणाऱ्याला नेमका तोच गोठलेला चट्टा लांबून ओळखायचा असतो. म्हणजे परत माझा सायकलवरचा डाग. बर्फात मी आधी अतिनील किरणांचा आणि बाजूने शिरणाऱ्या उजेडाचा बंदोबस्त बघतो, मग उरलं तर फिल्म.

लेबलवर काय वाचायचं

पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून बचाव, हा समज इतका पक्का आहे की तो मोडता मोडता मी थकलो. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. बिनरंगी, पारदर्शक काचही अतिनील किरण पूर्ण अडवू शकते. आणि गडद काच जर ते अडवत नसेल तर ती घालण्यापेक्षा न घातलेली बरी, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत शिरतात. लेबलवर यूव्ही ४०० असं लिहिलेलं शोधा. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवले जातात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो, कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास, समुद्राचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. बर्फात दिवसभर उघड्या डोळ्यांनी फिरलं की त्या वेळी काहीच होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचायला लागतं, पाणी वाहतं आणि दिवा बघवत नाही. म्हणून "मला काही त्रास होत नाही" हे दुपारी म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा गडदपणाचा. आयएसओ १२३१२-१ या मानकाप्रमाणे काचांचे ० ते ४ असे पाच वर्ग आहेत. वर्ग २ मधून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, वर्ग ३ मधून ८ ते १८ टक्के, वर्ग ४ मधून फक्त ३ ते ८ टक्के. उघड्या पाण्यावर, वाळूवर, भर उन्हात वर्ग ३ घ्या. झाडीत, ढगाळ हवेत, सकाळ-संध्याकाळ वर्ग २ पुरतो. वर्ग ४ हिमनदी आणि उंच बर्फाळ डोंगरांसाठी आहे, तो घालून गाडी चालवायला मनाईच आहे. आकडा दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत असतो किंवा सोबतच्या कागदावर. कुठेच नसेल तर तो गॉगल परत ठेवा.

रंगाबद्दल माझं मत आहे आणि ते मी लपवत नाही: तपकिरी. राखाडी काच रंग जसेच्या तसे दाखवते, खोल समुद्रावर ती डोळ्यांना शांत वाटते. पण तपकिरी किंवा तांबूस काच निळा प्रकाश कापते, त्यामुळे धूसर हवेत कडा उठून दिसतात, उथळ पाण्यातला तळ वाचता येतो, मातीच्या वाटेवरचा खड्डा कळतो. पिवळी काच फक्त कमी उजेडात. आरशासारखा निळा-लाल मुलामा बघून भुलू नका. तो थोडा उजेड परत फेकतो एवढंच, पोलराइज्ड असण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्याच्यावरचे चरे मैलभरावरून दिसतात. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा चांगल्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. गाडीत त्या बहुधा गडद होत नाहीत, कारण समोरची काच अतिनील किरण आधीच अडवते. आणि थंडीत जास्त गडद होतात, कडक उष्म्यात कमी.

खरा की नुसता गडद

कॅल्क्युलेटर काढा. साधा, राखाडी पडद्याचा. गॉगल त्याच्यासमोर धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरवा. पाव फेऱ्याच्या आत-बाहेर कुठेतरी पडदा मिट्ट काळा व्हायला हवा. नुसताच थोडा मंद होत असेल तर फिल्म कमकुवत आहे. काहीच होत नसेल तर ती नुसती गडद काच. दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांसमोर काटकोनात धरले तरी तेच दिसतं. दुकानात ठेवलेलं ते चित्र असतं ना, ज्यात गॉगल लावल्यावरच मासा दिसतो, त्याने फिल्म आहे एवढं कळतं, कशी बसली आहे ते कळत नाही.

आता ती जुनी चूक. कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. नंबरची पोलराइज्ड काच कापायला येते तेव्हा तिच्या कडेला दोन बारीक खाचा असतात, फिल्मची आडवी रेषा दाखवायला. एका काचेची खाच मी घाईत बघितली नाही आणि ती काच काही अंश फिरवून कापली. गिऱ्हाईक चार दिवसांनी परत आले. शांतपणे म्हणाले, "अहो, एका डोळ्याने पाणी दिसतं, दुसऱ्याने ऊन." दोन डोळ्यांत वेगवेगळी चकाकी गेली की मेंदू भांबावतो, डोकं धरतं. नुसता गॉगल बघून ही चूक दिसत नाही. म्हणून कॅल्क्युलेटरसमोर फिरवताना आधी एक काच बघा, मग दुसरी. दोन्ही एकाच कोनात काळ्या झाल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर झाली तर घेऊ नका, कितीही सवलत असो.

अजून एक. काच हातभर लांब धरून तिच्यातून खिडकीची उभी चौकट बघा आणि गॉगल डावी-उजवीकडे हलवा. चौकट वाकली, लाटेसारखी हलली, तर काच ओबडधोबड आहे. वेगाच्या खेळात असल्या काचेने चक्कर येते.

चेहऱ्यावर

आरशात बघून गॉगल घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मीही बघतो. पण आधी बाकीचं करा. आपलं हेल्मेट किंवा टोपी सोबत न्या, कारण दांडी हेल्मेटच्या मागच्या पट्ट्याला अडते आणि गॉगल नाकावरून उचलला जातो. घालून खाली वाका, डोकं जोरात नकारार्थी हलवा, दोन उड्या मारा. दुकानदार बघत राहील, राहू दे. मग मोठ्याने हसा. गाल वर येऊन फ्रेमला लागले तर धाप लागल्यावर तोंड उघडलं की तेच होणार. डोळे मिचकावा, पापण्या काचेला घासल्या तर दहा मिनिटांत काचेवर तेलकट रेघा.

सायकलवाल्यांनी एक जास्तीचं करावं. खुर्चीवर बसून हँडलवर वाकल्यासारखं पुढे झुका आणि भुवयांखालून समोर बघा. फ्रेमची वरची कड रस्त्याच्या मधोमध आली तर उंच काचेचा किंवा वरची कड नसलेला घ्या. पळणाऱ्याला उलट खालची कड नको असते, कारण पायाकडे बघताना ती मध्ये येते. चेंडूच्या खेळात मात्र सगळीकडून कड असलेली फ्रेमच, म्हणजे फटका बसला तर काच मागे डोळ्याकडे निसटत नाही.

नाकाला आणि दांड्यांच्या टोकाला रबर कोणतं आहे ते बघा. घामाने ओलं झाल्यावर जास्त धरणारं रबर मिळतं. बोटाला थोडं पाणी लावून त्यावर घासून बघा, निसरडं झालं तर सोडून द्या. कानामागे दाब नको. दांडीने डोक्याला मागून हळूच कवटाळावं, कानाला चिमटा काढू नये. पंधरा मिनिटं घालून ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

वाफ धरण्याचा त्रास चढावर होतो, वेग कमी आणि अंग तापलेलं. काच चेहऱ्याला अगदी चिकटून असेल तर हमखास. वरच्या कडेला हवेला वाट असलेला गॉगल बघा. आतून धुकं आलं तर बोटाने पुसू नका, नाकावरून जरासा पुढे ओढा, वाऱ्याने जाईल.

काचेचं साहित्य: पळापळीच्या, आपटण्याच्या खेळाला पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, दोन्ही प्लास्टिकचे प्रकार. पॉलिकार्बोनेट चिवट, पण मऊ, चरे लवकर पडतात. ट्रायव्हेक्स तितकंच दणकट आणि दिसायला जास्त स्वच्छ. खरी काच चऱ्यांना दाद देत नाही, पण जड असते आणि फुटते. होडीत बसून मासे धरणाऱ्याला ठीक, बाकी कोणाला मी देत नाही.

नंबर असणाऱ्यांसाठी वाईट बातमी अशी, की चेहऱ्याभोवती खूप वळलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर बसवला की कडेला जमीन तिरपी दिसते. वळणाचा हिशेब धरून काच बनवून घेता येते, तरी नंबर जास्त असेल तर कमी वळणाची फ्रेम घ्या. नाहीतर आत अडकवायच्या छोट्या नंबरच्या काचा, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आणि वरून साधा गॉगल. दुरुस्तीला येणाऱ्या खेळाडूंपैकी बरेच जण शेवटी कॉन्टॅक्ट लेन्सवर येतात.

घेतल्यानंतर

पोलराइज्ड फिल्म ही पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, आयोडीन किंवा रंगद्रव्य शोषलेली, ताणलेली पातळ चामडी. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये आयोडीनची जी फिल्म काढली, तिचाच हा वंश. तिला ओल आणि उष्णता सोसत नाही, म्हणून चांगल्या गॉगलमध्ये ती दोन थरांच्या मध्ये कोंडलेली असते. स्वस्तात ती नुसती पृष्ठभागावर चिकटवलेली असते. माझ्या टेबलावर असे गॉगल येतात, कडेला बुडबुडे उठलेले, नखाने ओढलं की सालीसारखी निघणारी फिल्म. त्यावर इलाज नाही. घेताना काच कडेवर उजेडात तिरपी धरा. कोपऱ्यात इंद्रधनुषी डाग किंवा उचललेली कड दिसली तर नको. आणि कितीही चांगला असो, बंद गाडीत समोरच्या काचेखाली ठेवू नका.

खारं पाणी वाळलं की मिठाचे कण वाळूसारखे होतात. कोरडा टी-शर्ट त्यावर फिरवणं म्हणजे घासकागद फिरवणं. आधी गोड्या पाण्याखाली धरायचा, बोटाने साबणाचा एक थेंब फिरवायचा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपायचा. डासांच्या मलमात डीट हे रसायन असेल तर हात धुतल्याशिवाय गॉगलला हात लावू नका. ते प्लास्टिक विरघळवतं. भाचीच्या जुन्या गॉगलच्या डाव्या काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला आहे, रेघान् रेघ मोजता येते.

पाण्यावर जाणाऱ्यांसाठी शेवटचं. गॉगल घरी आणला की बादलीत टाकून बघा. बहुतेक बुडतात. मी ही तपासणी नदीत केली, तोच पहिला गॉगल, तोच खडक दाखवणारा. कयाक उलटली, मी वर आलो, तो आला नाही. पाणी मीटरभरच खोल होतं, पण ऊन समोरून होतं आणि तळ बघायला डोळ्यांवर काही नव्हतं. आता मानेमागे फुगीर दोरी लावतो, आणि दोरीसकट तरंगतो का तेही बादलीत बघून घेतो, कारण पातळ दोरी गॉगलला घेऊन बुडते.